पश्चिमेची फाक

२ मार्च

आज खारूने मला ढग बघायला शिकवलं.

"साठी उलटलेल्या बाईला ढग बघायला शिकवावं लागतं?" ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. पण हे ढग खिडकीतले नव्हेत, खारूच्या जुन्या टॅबलेटवरचे. टेकडीवर तो मोठा पांढरा चेंडू आहे, त्यात हवामान खात्याचं रडार फिरत असतं, एवढं माहीत होतं. त्या रडारला जे दिसतं ते आपल्यालाही घरबसल्या बघता येतं, हे आज कळलं.

मधोमध ठिपका म्हणजे तो चेंडू, आणि भोवती दूरदूरपर्यंतचा गोल मुलूख. आकाश कोरडं असेल तर सगळं राखाडी. कुठे ढग भरायला लागला की आधी मोहरीएवढा हिरवा दाणा उमटतो. दर दहा मिनिटांनी नवं चित्र येतं. दाण्याच्या पोटात पिवळं, पिवळ्याच्या पोटात लाल, आणि लालात जांभळं उमटलं की समजायचं, विजा.

"टीपकागदावर शाईचा थेंब पडावा तसं पसरतं गं हे," मी म्हटलं.

"टीपकागद म्हणजे काय?" खारूने विचारलं.

हे हसले. मला मात्र एकदम मिशनच्या शाळेतला बाक आठवला, बोटाला लागलेली निळी शाई आठवली, आणि "हात दाखव" म्हणणाऱ्या सिस्टर.

हे सगळं कशासाठी, तेही लिहून ठेवते. खारू आमची एकुलती एक. नीट चालता येण्याआधी कपाटावर चढली म्हणून खारूताई, पुढे नुसती खारू. आता चौतीस वर्षांची आहे आणि बांधकामावरची उंच क्रेन चालवते. टेकडीला अगदी लागून दोन जुळे मनोरे उठताहेत, तिथे. तिच्या काचेच्या केबिनमधून शिडीने खाली यायला वीस मिनिटं लागतात. गेल्या आठवड्यात वादळ आलं तेव्हा ती अर्ध्या शिडीवर होती. आमच्या जिन्याच्या खिडकीतून क्रेनचं टोक दिसतं. मी तिथे उभी होते. वीज चमकली आणि मी खिडकीचा गज धरून डोळे मिटले. तेव्हापासून मला झोप नाही. ह्यांनीच तिला सांगितलं असणार.

"तू बघत जा ना," ती म्हणाली. "आमच्याकडे वाऱ्याचा मीटर आहे, पण तो वारा आल्यावर बोलतो. सुपरवायझर तर वारा गेल्यावर बोलतो. तू अर्धा तास आधी सांगशील."

ठरलं ते असं. एक मिस्ड कॉल म्हणजे लक्ष ठेव. लागोपाठ दोन म्हणजे उतर. काहीच नाही म्हणजे खुशाल काम कर. काम चालू असताना तिला फोन उचलता येत नाही, पण खिशात थरथरला की कळतं. अठ्ठावीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले. आता स्वतःच्या लेकीला फोन करायचा, आणि तो तिने उचलायचा नाही!

९ मार्च

काही नाही. राखाडी. दोनदा दूध उतू गेलं.

१४ मार्च

आज खरं वादळ आलं.

दोन वाजता पश्चिमेला एक दाणा दिसला. मी आधी चष्मा पुसला. दोन दहाला एकाचे तीन झाले होते. दोन वीसला तिघे एकमेकांत मिसळले आणि मधे पिवळं आलं. काय वेगाने वाढतं हे! घरातलं मूल वाढताना दिसत नाही, एक दिवस फ्रॉक आखूड होतो तेव्हा कळतं. हे मात्र डोळ्यांदेखत. आणि मोठा डाग विझायला लागला, असं म्हणून आपण निःश्वास टाकावा, तर त्याच्या कुशीत दुसरा पेटलेला असतो.

दोन तीसला लाल. घाईत पहिला फोन दूधवाल्याला लागला. "बोला ताई," तो म्हणाला. "काही नाही," म्हणून मी ठेवला. आता उद्या दूध येतं की नाही कोण जाणे. मग खारूला एक. दहा मिनिटांनी डाग आणखी सरकला तेव्हा लागोपाठ दोन. ती उतरते आहे की नाही हे कळायला काहीच मार्ग नाही. हे बाजूला बसून कोडं सोडवत होते. "पाच अक्षरी शब्द, बायकोचा आवडता उद्योग," म्हणाले. "काळजी तर तीनच अक्षरी झाली."

तीन पाचला तिचा फोन. "जमिनीवर." बरोबर बारा मिनिटांनी बाल्कनीत गारा वाजायला लागल्या.

संध्याकाळी ती आली ती हसतच. सुपरवायझरने विचारलं म्हणे, "तुझी आई हवामान खात्यात आहे का?" तर ही म्हणाली, "नाही, आई-खात्यात आहे."

मला फार आनंद झाला. निवृत्तीनंतर इतका पहिल्यांदाच.

२३ मार्च

पुन्हा वादळ, पुन्हा वेळेवर खाली. पण मी बदलले आहे. पूर्वी मला फक्त आलेल्या वादळाची भीती वाटायची. आता न आलेल्याचीही वाटते. आंघोळीला गेले तर तेवढ्यात दाणा उमटेल म्हणून टॅबलेट न्हाणीघराच्या दाराशी ठेवते.

आज एक गोष्ट केली. लाल रंग आला तेव्हा शाळेतली प्रार्थना म्हटली. आम्ही लहान असताना गडगडाट सुरू झाला की सिस्टर वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या, आम्हाला गुडघ्यांवर बसवायच्या आणि सगळ्या मिळून ती प्रार्थना म्हणायच्या. आमच्या घरचा तो धर्म नव्हे, पण भीती तिथलीच, म्हणून औषधही तिथलंच आठवलं असेल. सगळे शब्द जसेच्या तसे आले. पन्नास वर्षं कुठे होते कोण जाणे.

खारूने जेवताना सांगितलं, "आज चेंडूच्या डोक्यावर कावळा बसलेला होता, तो आमच्या स्लॅबवरच्या माणसांनी वरून बघितला. कामाला लागलो तेव्हा सगळे मान वर करून चेंडूकडे बघायचो. आता बिल्डिंग त्याच्या वर गेली." आठवड्याला एक मजला चढतो म्हणे. मी म्हटलं, कशाला इतकं उंच बांधायचं. हे म्हणाले, "खाली लोक राहतात ना, म्हणून."

४ एप्रिल

चुकले. दोन कॉल दिले, ती उतरली, आणि वादळ उत्तरेला वळून गेलं. इथे एक थेंब नाही. तिचे दोन तास फुकट गेले.

७ एप्रिल

पुन्हा तेच. ह्या वेळी ऊन पडलं होतं. वर माणसं रिकामी उभी, खाली ट्रक रांगेत. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "लांडगा आला रे आला! आईला सांग, क्रेन घरी घेऊन जा, तिथेच चालव." दुसरा एक ऑपरेटर आहे, तो टपूनच बसलेला आहे. "बाईमाणूस घाबरणारच," असं तो सुपरवायझरला म्हणाला, हे खारूने मला सांगितलं नाही. ह्यांना सांगत होती, ते मी ऐकलं.

"आई, तू मनाला लावून घेऊ नकोस," एवढंच मला म्हणाली. "पण जरा खात्री करून."

पंधरा वर्षं घासून तिने ती खुर्ची मिळवली आहे. माझ्या घाबरटपणाने जाईल का?

१२ एप्रिल

हे कुणाला सांगणार नाही, फक्त इथे लिहिते.

आज अडीचला पश्चिमेला मोठा डाग आला. आत जांभळं होतं. मी एक कॉल दिला आणि थांबले, खात्री करायला. हात जोडून प्रार्थना म्हणत होते. पुढचं चित्र आलं तर डाग अर्धाच. एका बाजूने सुरीने कापल्यासारखा. आणखी दहा मिनिटांनी पाहते तर नाहीच! पश्चिमेला कलिंगडाच्या फाकेसारखा एक तुकडा आहे, टोक चेंडूला टेकलेलं आणि बाहेर रुंद होत जाणारा. डाग त्यात शिरला आणि विरघळला. मी दोन कॉल दिले नाहीत. खारूने पूर्ण पाळी काम केलं.

मग मला आठवलं. गेल्या आठवड्यातही तिथेच एक डाग असा नाहीसा झाला होता. खारूचे मनोरे चेंडूपासून त्याच बाजूला आहेत. नेमकी तिचीच दिशा. योगायोग म्हणायचा? म्हणते. पण हात जोडलेलेच राहिले.

१७ एप्रिल

आज पुन्हा फाकेत वादळ विरलं. मी एकही कॉल दिला नाही. सगळं छान.

हे चांभाराकडे चपला टाकायला गेले होते. त्याचं दुकान मनोऱ्यांच्या पलीकडे, तासाभराच्या रस्त्यावर. येताना नखशिखान्त भिजून आले. "अहो, भिजलात कुठे? पाऊस नाहीये," मी म्हटलं.

"मग हे काय घामाने झालंय?"

"स्क्रीनवर काहीच नाही."

"बरं, तर मग मी कोरडा आहे," म्हणाले आणि तिथेच पायजमा पिळला.

एखादी चुकार सर असेल. रडारला काय, इतकी बारीकसारीक कशी दिसणार. टॉवेल देताना ह्यांचे हात थंडगार लागले.

२४ एप्रिल, दुपारी

टेबलाशी बसून लिहिते आहे. हात कामात असला की भीती जरा मागे सरते.

दोन चाळीस. पश्चिमेला चार डाग रांगेत आहेत. त्यांच्या पुढे केसासारखी एक बारीक हिरवी रेघ दिसते, ती कशाची कोण जाणे. अशी कधी बघितली नव्हती.

दोन पन्नास. चौघांचा एक झाला. जांभळं आहे, आणि जांभळ्याच्या आत पांढरं. खारूला एक कॉल दिला.

तीन. फाकेच्या तोंडाशी आला. प्रार्थना म्हणते आहे. दोन कॉल द्यायला अंगठा तयार आहे. पण आज काचेची पॅनेलं चढवताहेत आणि मालक यायचे आहेत, असं ती सकाळी म्हणाली होती. आजच पुन्हा लांडगा ठरला तर?

तीन दहा. शिरला. मधला भाग गेला! दोन्ही बाजूंना थोडे तुकडे उरले आहेत. देव पावला.

तीन वीस. फाक स्वच्छ. हे बाल्कनीतून हाका मारताहेत, "अगं, इकडे ये, पश्चिमेला काळंकुट्ट झालंय." मी सांगितलं, "विरलं ते, मी बघितलं." "अगं, बाहेर बघ ना जरा!" मी उठले नाही. खिडकीतून बघून काय कळतं, ढग काळा असला की माणूस घाबरतो, मी आता त्यातली राहिले नाही. पुढचं चित्र तीन तीसला येईल ते

२४ एप्रिल, रात्री

वाचली आहे. पलीकडे झोपली आहे. मी तीनदा जाऊन श्वास बघून आले.

२६ एप्रिल

आज लिहिता येईल असं वाटतं.

त्या दिवशी ओळ अर्धी राहिली, कारण घराचं दार भिंतीवर आपटलं. वारा एका फटक्यात आला. मी जिन्याकडे धावले. खिडकीतून काही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं पाणी आडवं वाहत होतं. मग वीज. त्या उजेडात क्रेनचं टोक क्षणभर दिसलं, आणि ते फिरत होतं. हे माझ्यामागे उभे होते. त्यांनी माझा खांदा धरला होता की स्वतः आधार घेतला होता, कळलं नाही.

खारू चाळीस मिनिटं वर होती. वारा आला तेव्हा शिडीवर जायची वेळ निघून गेली होती. तिने ओझं खाली टेकवलं, क्रेनचा लांब हात वाऱ्याबरोबर फिरायला मोकळा सोडला आणि केबिनच्या मधोमध पाय पोटाशी घेऊन बसून राहिली. असंच करायचं असतं म्हणे. क्रेनवर वीज दोनदा पडली. केबिनच्या धातूच्या सांगाड्यामुळे ती वाचली. वॉकीटॉकी मुका झाला. फोन खिशातून निसटून दारातून खाली गेला. सापडला तो चुरा.

खाली आल्यावर ती स्वतःच्या पायांनी चालत आली.

मी काल तिला कढत दूध दिलं. पेला धरून बसली होती. मग म्हणाली, "आई, सॉरी."

मला कळेना, ही कशाबद्दल माफी मागते आहे.

"तुझा पहिला कॉल मला कळला. मी लक्ष ठेवून होते. आकाश काळं होतं, पण म्हटलं, आई दोन देईल तेव्हा उतरू. ते दोन मला कळलेच नाहीत गं. खिशात फोन थरथरला असणार आणि मला कळलंच नाही."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. हे समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेपर उघडला. पेपर परवाचा होता.

२७ एप्रिल

रडारच्या पानावर खाली एक नंबर आहे. तिथे फोन केला. सवयीने आवाज एक्स्चेंजमधला लागला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, ड्यूटीवरची अधिकारी. मी विचारलं, पश्चिमेच्या त्या फाकेत वादळं नाहीशी का होतात, आणि वादळापुढची ती केसासारखी रेघ कशाची.

"नाहीशी होत नाहीत, मावशी," ती म्हणाली. "आम्हाला दिसत नाहीत. समोर ते दोन टॉवर झालेत ना, त्यांची सावली पडते. रडार जे पाठवतं ते भिंतीला आपटून परत येतं. पलीकडे काय चाललंय ते कळत नाही."

"पण वादळ अर्धं होतं, मग पाव होतं..."

"सावलीत शिरत जातं तसतसं. आणि ती रेघ म्हणजे पावसाच्या पुढे धावणारा वारा. पानावर खाली लिहिलंय बघा, महिन्याभरापासून."

लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात. मी कधी खाली सरकवून बघितलंच नव्हतं. माझं लक्ष रंगांवर.

"मावशी, तिकडे कुणी राहतं का तुमचं?" तिने विचारलं. फार गोड मुलगी. मी "नाही" म्हटलं आणि ठेवला.

म्हणजे वादळ प्रत्येक वेळी तिथेच होतं, आधीची मनोऱ्यांपर्यंत पोचायच्या आत वळली एवढंच. माझी प्रार्थना चालू होती तेव्हाही पुढे सरकत होतं. आणि ती भिंत खारूनेच एकेक ओझं उचलून उभी केली. ती जितकी वर चढली तितकं तिच्या पाठीमागचं मला कमी दिसत गेलं. हा विचार डोक्यातून जात नाही.

२९ एप्रिल

खारू कामावर जात नाही. कंपनीने आठवडाभराची सुट्टी दिली आहे. खुर्चीवर तो दुसरा ऑपरेटर बसतो. सोमवारी ही वर गेली नाही तर खुर्ची कायमची त्याची, असं सुपरवायझरने कळवलं आहे. "जाऊ दे," ती म्हणाली. "त्यालाच देऊ दे."

आज कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. कान उत्तम आहेत. त्याने समाधान नाही. नवा फोन खिशात ठेवते आणि बाबांना म्हणते, न सांगता कॉल करा. तो थरथरला की चेहरा उजळतो, मग पुन्हा पडतो. "इथे कळतं. तिथे का कळलं नाही?"

दुपारी मी भाजी निवडत होते, ती समोर येऊन बसली.

"मला विजेची भीती वाटत नाही, आई. खरंच. पण वर असताना खालून कुणी 'थांब' म्हणालं आणि मला कळलंच नाही, तर? ओझ्याखाली माणसं असतात गं. माझ्या अंगावर माझाच भरवसा राहिलेला नाही."

मी शेंगा सोलत राहिले.

खरं लिहायचं तर लिहिते. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाची यादी आहे. दोन पन्नासनंतर त्यात खारूचा नंबर नाही. ही यादी तिला दाखवली तर ती सोमवारी वर जाईल. नाही दाखवली तर जमिनीवर राहील. एखाद्या ऑफिसात बसेल, संध्याकाळी सहाला घरी येईल. मला पुन्हा कधी जिन्याच्या खिडकीशी उभं राहावं लागणार नाही. मी एक शब्दही खोटं बोललेले नाही, फक्त गप्प बसले आहे. पोरीला वाचवण्यासाठी आई गप्प बसली तर त्यात काय वाईट आहे?

हे तीनदा वाचलं. तिन्ही वेळा शेवटच्या ओळीवर अडखळले.

१ मे

हे चहा घेताना म्हणाले, "तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"काय सांगायचंय?"

"अगं, छत्तीस वर्षं झाली. तू फोन केलास की नाही हे मला तुझ्या पाठीवरून कळतं. त्या दिवशी मी हाका मारत होतो आणि तू हलली नाहीस."

"सांगितलं तर ती पुन्हा वर जाईल."

"जाईल."

"तुम्हाला चालेल?"

त्यांनी थंड झालेला चहा ढवळला. "नाही चालणार," म्हणाले. "पण ती रोज माझ्याकडून फोन करून घेते. उद्या मला म्हणेल, बाबा, हाक मारा, मला ऐकू येतं का बघू. किती दिवस मारू?"

मी म्हटलं, सोमवारनंतर सांगेन. ते उठून गेले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कप तसाच टेबलावर ठेवून गेले.

३ मे, रविवार

सांगितलं.

ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी फोन पुढे धरला. "ही त्या दिवशीची यादी. दोन कॉल मी केलेच नव्हते. तुझी काही चूक नाही."

तिने बघितलं. चिमटा तोंडात होता तो काढला. "का नाही केलेस?"

फाकेचं सांगितलं, टॉवरच्या सावलीचं सांगितलं. लांडग्याचं सांगितलं. प्रार्थनेचंही. ती ऐकत होती.

"बाहेर बघितलं नाहीस?"

"बाबा हाका मारत होते. मी उठले नाही."

"आणि मी सॉरी म्हणाले तेव्हा?"

मी फोन पदराआड केला.

"नऊ दिवस, आई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "ढग दिसला नाही, ठीक आहे. कुणालाही नसता दिसला. पण नऊ दिवस मी कान तपासत फिरतेय, आणि तू समोर बसून शेंगा सोलत होतीस."

"तू वर जाऊ नयेस म्हणून."

"ते कळलं मला."

तिने उरलेले कपडे वाळत घातले, एकेक झटकून. मग आत जाऊन सुपरवायझरला फोन लावला. दारातून ऐकू येत होतं. आधी तिने त्याला सावलीचं सांगितलं, पश्चिमेचं काही त्या पानावर बघू नका म्हणून. त्याने काहीतरी म्हटलं. "नाही, आईमुळे नाही," ही म्हणाली. "मी उद्या येतेय. माझी खुर्ची आहे ती, त्याला म्हणावं पुसून ठेव." नऊ दिवसांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता.

रात्री जेवताना बाबांशी बोलली. माझ्याशी नाही. मीठ मात्र न मागता माझ्याकडे सरकवलं.

४ मे

पावणेसहाला निघाली. मी डबा दिला, तिने घेतला.

"फोन करत जाऊ का?" मी विचारलं. "आता बाहेर बघून करीन."

ती बुटाची नाडी बांधत होती. "नको," म्हणाली. मग उभी राहून, "आत्ता नको, आई."

जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज खालच्या दारापर्यंत ऐकला.

मी खिडकीशी पायरीवर बसले आहे. वही मांडीवर आहे. हे मघाशी येऊन शाल देऊन गेले, आणि आता वरच्या पायरीवर येऊन बसले आहेत, कोडं न घेता. आकाशात ढग नाही, एकही नाही. सहा वीसला ती शिडीवर चढायला लागली असेल. वर जायला खाली येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मी मनात पायऱ्या मोजत होते, मधेच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

सातला काही नाही. सव्वासातला काही नाही.

"बसली असेल का हो?" मी विचारलं.

"बसली असेल."

सात चाळीसला क्रेनचा हात हलला. आधी थोडासा, मग थांबला. इतका वेळ थांबला की ह्यांनी माझं मनगट धरलं. मग सावकाश उजवीकडे वळला. इथून ओझं दिसत नाही, त्याखाली उभी असलेली माणसं दिसत नाहीत. फक्त तो हात दिसतो. तो मनोऱ्याच्या माथ्यावर जाऊन स्थिर राहिला. कुणीतरी खालून "थांब" म्हणालं असेल, आणि तिला ऐकू आलं असेल. थोड्या वेळाने तो मागे फिरला, पुढचं न्यायला.